दस्तुरखुद्द

माझ्या भाच्याने अकरा दिवस आईच्या मेसेजला उत्तर दिलं नाही, आणि आईला ते कळलं नाही. कारण उत्तरं रोज येत होती.

भाचा इथे चेन्नईत, ओएमआर या रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पेरुंगुडीत दोघा मित्रांबरोबर राहतो. त्याची आई म्हणजे माझी ताई सांगलीला असते. रोज रात्री नऊच्या सुमाराला, एक मालिका संपून दुसरी सुरू होण्याच्या फटीत, तिचा मेसेज येतो: "जेवलास का?" भाच्याने मोठ्या हौसेने एक एआय असिस्टंट जोडून घेतला होता. आपण कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडताना क्यूआर दाखवतो तसा त्याला दाखवायचा, मागचं सगळं चॅट वाचू द्यायचं आणि कुणाला परस्पर उत्तर दिलेलं चालेल त्यांची यादी द्यायची. त्या यादीत त्याने घरमालक टाकला, जिमवाला टाकला, कॉलेजचा ग्रुप टाकला आणि आईलाही टाकलं. मग सुरू झालं. "हो गं आई, जेवलो. आज सांबार-भात." दुसऱ्या दिवशी, "हो आई, एका ठिकाणी पोळी-भाजी मिळाली, पण तुझ्या हातची चव नाही." हा मेसेज ताईने मला कौतुकाने पुढे पाठवला होता, सोबत डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा.

अकराव्या रात्री तो डेंग्यूच्या तापाने हॉस्पिटलमध्ये सलाइनवर होता. पावसाळ्याचे दिवस होते. आमचा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि डासांचा हंगामही तोच. फोन बंद पडून मित्राच्या पिशवीत गेलेला. पण असिस्टंट फोनमध्ये नव्हताच, तो कुठल्यातरी भाड्याच्या सर्व्हरवर होता. नऊ वाजता सांगलीहून प्रश्न आला आणि त्याच्या नावाने उत्तर गेलं: "हो आई, जेवलो. आज मस्त होतं." दहाला मित्राने मला कळवलं. मी ताईला फोन केला तर ती शांतपणे म्हणाली, "तुझा काहीतरी घोळ झालाय. आत्ताच बोललो आम्ही."

तो बरा होऊन घरी आल्यावर आमच्या गच्चीत त्याची उलटतपासणी झाली. पोरगं वकिलासारखं बोलतं, आणि खरं सांगायचं तर त्याचे मुद्दे टाकाऊ नव्हते. पहिलाच मुद्दा बिनतोड वाटावा असा: "मावशी, ते अकरा दिवस आई खूश होती की नाही? मी स्वतः लिहितो तेव्हा नुसतं 'हो' लिहितो. त्याने तिला निदान सांबार-भात तरी दिला."

हे खोटं नाही. ताईने नंतर कबूल केलं की त्या दिवसांत तिला वाटायचं, पोरगा सुधारला, चार शब्द बोलायला लागला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०२३ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये छापून आला, तोही काहीसं हेच सांगतो. गप्पा मारणाऱ्यांना यंत्राने तयार उत्तरं सुचवली. ती वापरली की बोलणं जलद होत होतं, शब्द गोड होत होते आणि समोरच्याला तो माणूस जास्त जवळचा वाटत होता. पण हा तयार उत्तरं वापरतोय असा नुसता संशय आला की पारडं फिरायचं. तोच माणूस परका वाटू लागायचा. म्हणजे गोडवा खरा, पण तो टिकायचा तर समोरच्याला कळता कामा नये. ज्या गोष्टीचं सुख समोरच्याच्या न कळण्यावर उभं असतं तिला मराठीत फसवणूक म्हणतात. ती सांबार-भाताइतकी साधी असली तरी.

आणि ताई काय विचारत होती ते तरी बघा. चेन्नईत आमचा वॉचमन सकाळी अकराला भेटला तरी विचारतो, "साप्टिंगळा मा?" जेवलात का? माझ्या जेवणाशी त्याला काही देणंघेणं नाही, आणि मीही त्याला पदार्थांची यादी वाचून दाखवत नाही. सव्वीस वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा मला तमिळ येत नव्हतं, पण हा प्रश्न ओळखीचा निघाला, कारण तो आमच्याही घरी तसाच विचारला जायचा. "जेवलास का?" म्हणजे "आहेस ना?" त्याचं उत्तर "हो" एवढंच असतं आणि ते पुरतं. असिस्टंटने जेवणाबद्दल विचारलंय असं धरून जेवणाबद्दल उत्तर दिलं, तेही छान सजवून. "आहेस ना?" या प्रश्नाला तो "हो" म्हणाला, तेव्हा भाच्याचं अंग तापाने फणफणत होतं.

भाच्याचा दुसरा मुद्दा मला जास्त आवडला, कारण त्याने माझ्याच आवडत्या विषयाला हात घातला. "पूर्वी लोक दुसऱ्याकडून पत्रं लिहून घ्यायचेच ना? मग मी यंत्राकडून लिहून घेतलं तर काय बिघडलं?"

आमच्या माहेरी आजोबांनी जपलेलं एक जुनं खरेदीखत आहे. तळाशी शेत विकणाऱ्याची निशाणी, नांगर काढलेला. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची सही ती. एका साक्षीदाराच्या नावाशी 'दस्तुरखुद्द' असं लिहिलंय आणि अगदी शेवटी 'बिकलम' म्हणून कुलकर्ण्याचं नाव. दस्तुरखुद्द म्हणजे हे अक्षर माझं स्वतःचं. बिकलम म्हणजे अमक्याच्या लेखणीने. लहानपणी मला हे नुसते ठसकेबाज शब्द वाटायचे. आता वाटतं, आज आपल्याला हवी असलेली सगळी सोय त्या दोन शब्दांत होती. मजकूर कुणाचा आणि हात कुणाचा, हे एकाच कागदावर वेगवेगळं नोंदलेलं. कुणब्याच्या निरक्षरतेची लाज नव्हती आणि कुलकर्ण्याच्या लेखणीची लपवाछपवीही नव्हती.

दुसऱ्याच्या हाताने लिहिणं हा आपल्या समाजाचा नेमच होता. मुंबईच्या जीपीओसमोर ताडपत्री बांधून बसलेले पत्रलेखक घामाघूम झालेल्या गिरणी कामगाराचं पत्र लिहून द्यायचे, मनिऑर्डरच्या तळाची दोन ओळींची जागा त्याच्या शब्दांनी भरायचे. गावात ते काम मास्तर करायचे, पोस्टमन करायचा. पण ज्याचं पत्र असायचं तो माणूस समोर उकिडवा बसलेला असायचा. तो सांगायचा, हा लिहायचा, मधेच विचारायचा, "म्हशीचं लिहू का?" शेवटी सगळं वाचून दाखवायचा, मग अंगठा. आणि पत्र ज्या घरी जायचं तिथेही ते दुसराच कुणी वाचून दाखवत असे. त्या साखळीत किती हात होते ते साखळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं.

चिटणीस हे आडनाव आणि हे पदच आपल्याकडे यातून आलं. बाळाजी आवजींची आख्यायिका शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. महाराजांनी पत्र लिहायला सांगितलं, दिवसभराच्या धावपळीत ते राहून गेलं, रात्री महाराजांनी वाचायला सांगितलं तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हातात धरून घडाघडा मजकूर म्हणून दाखवला. जवळ उभ्या मशालजीला हसू आवरेना, म्हणून महाराजांना कळलं. आपण ही गोष्ट बाळाजींच्या बुद्धीची म्हणून सांगतो. धन्याच्या मनातलं न लिहिता वाचणारा लेखक. आजच्या असिस्टंटची जाहिरातच जणू. पण गोष्टीत आणखी दोन गोष्टी आहेत. एक, पत्र अजून गेलेलं नव्हतं. महाराज ते ऐकत होते. आणि दोन, मशालजी होता. भाच्याच्या खोलीत हसणारं कुणी नव्हतं.

पत्र लिहून झालं तरी ते महाराजांचं होत नसे. माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब लागायचं. शिवकालीन पत्रांच्या अखेरीला 'मर्यादेयं विराजते' असा लहानसा शिक्का दिसतो. इथे मर्यादा आहे, याच्या पुढे कुणी एक अक्षर घालू नये. लेखक शंभर असोत, मोर्तब एकच. चिटणिसाला लेखणी दिली म्हणून शिक्का त्याच्या खिशात टाकला असं होत नसे. आपल्या फोनवर तो शिक्का म्हणजे ते हिरव्या गोलातलं कागदी विमान, पाठवण्याचं बटण. भाच्याने लेखणी दिली त्याला माझी हरकत नाही. त्याने मोर्तब देऊन टाकलं.

मोर्तब चुकीच्या हातात गेल्यावर काय होतं त्याची गोष्टही आपल्याकडे आहेच. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि राघोबादादांच्या पत्रातल्या 'धरावे'चं आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, ही कथा 'ध चा मा' होऊन भाषेत बसली. ती इतिहास म्हणून पक्की नाही, आनंदीबाईंवर ते ओझं नाहक पडलं असण्याचीही शक्यता आहे. पण गोष्ट म्हणून पाहिली तर तिच्यात एक कागद आहे, त्यावर खाडाखोड आहे, आणि हात कुणाचा असं विचारता येतं. असिस्टंटच्या मेसेजात खाडाखोड नसते. मुळात 'ध' कुणी म्हटलाच नव्हता, तर 'मा' कुठून बदलला हे कुणाला दाखवणार?

म्हणून भाच्याला मी म्हटलं, लिहून घे, पण खाली 'बिकलम' लिही. तो हसला आणि म्हणाला, "आईला 'जेवलो' लिहून खाली 'बिकलम असिस्टंट' लिहू? ती फोन फेकून मारेल." इथे मला थांबावं लागलं. कारण त्याचं बरोबर होतं, आणि अमेरिकेत हे घडूनही गेलंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत गोळीबार होऊन तीन विद्यार्थी मेले. त्यानंतर टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी कॉलेजच्या एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारं, एकमेकांना सांभाळा असं सांगणारं पत्र पाठवलं. तळाशी बारीक अक्षरात प्रामाणिकपणे नोंद होती की मजकूर चॅटजीपीटीच्या आधाराने केलाय. विद्यार्थी भडकले, कार्यालयाला माफी मागावी लागली. त्यांनी बिकलम लिहिलं होतं, आणि तेच लोकांना सहन झालं नाही.

तेव्हा नुसत्या नोंदीने भागत नाही. मला वाटतं फरक मजकुराच्या जातीत आहे, आणि त्या दोन जातींना मराठीत दोन वेगळे शब्द आहेत: निरोप आणि विचारपूस. निरोप कुणीही नेऊ शकतो. "पाहुणे चारच्या गाडीने येतायत" हे शेजारच्या पोराकडून सांगितलं तरी ते तेवढंच खरं राहतं. विचारपूस मात्र न्यायची वस्तू नव्हे. ती करायला जावं लागतं. कुणी गेलं तर आपण भेटायला जातो. तिथे जाऊन काही विशेष बोलतो असं नाही, बराच वेळ गप्पच बसतो, पण आपण तिथे बसलो एवढ्यालाच अर्थ असतो. "माझा ड्रायव्हर तुमच्याकडे येऊन अर्धा तास बसून जाईल" असं म्हणता येत नाही. लग्नपत्रिकेच्या तळाशी आपण छापतो ना, की वेळेअभावी प्रत्यक्ष येणं जमलं नाही, हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं? ती ओळ म्हणजे एका समाजाने मागितलेली माफी आहे. यायला हवं होतं, आलो नाही, हे आम्हाला कळतंय. असिस्टंट ती माफी न मागता आल्याचा बहाणा करतो.

गप्पांचंही तसंच. चेन्नईच्याच झोहो कंपनीने २०२१ मध्ये एक मेसेजिंग ॲप काढलं, त्याचं नाव 'अरट्टै'. तमिळमध्ये अरट्टै म्हणजे गप्पा, चकाट्या. २०२५ च्या सप्टेंबरात देशी ॲपची लाट आली तेव्हा तीन दिवसांत रोजची नोंदणी ३,००० वरून साडेतीन लाखांवर गेल्याचं झोहोचे सहसंस्थापक श्रीधर वेंबूंनी जाहीर केलं होतं. ॲप कसं आहे तो वेगळा विषय. मला नाव आवडतं. कारण ते कामाचं नाही, रिकाम्या वेळाचं आहे. काम नेमून देता येतं. "माझ्या वतीने तास-दीड तास चकाट्या पिटून ये" असं सांगितलं तर ज्याच्याशी चकाट्या पिटल्या जातील त्याला आपण काय लेखतो?

दिवाळी-संक्रांतीच्या शुभेच्छांबद्दल मात्र मी भांडणार नाही. पणतीचं तेच चित्र आणि 'तिळगूळ घ्या' सव्वाशे लोकांना एका बोटाने ढकलणारे आपण, ते बोट यंत्राचं असलं तर कुणाचं काय जातं? तो व्यवहार कधीच मेलाय.

भाषेचं पाहू. २०१५ मध्ये गूगलने ईमेलला तयार उत्तरं सुचवण्याची सोय आणली, तेव्हा कंपनीतल्या चाचणीत ते यंत्र कुठल्याही पत्राला 'आय लव्ह यू' सुचवायचं, असं त्यांच्याच संशोधकांनी लिहिलंय. लोक सर्वांत सुरक्षितपणे काय म्हणतात ते यंत्र शिकलं होतं. २०१८ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की गुंतवणूकदार म्हटलं की यंत्र 'त्याला भेटायचंय का' असं पुरुष धरूनच सुचवतं. म्हणून त्यांनी लिंगवाचक सर्वनामंच सुचवायची बंद केली. इंग्रजीला ते जमतं. मराठीला कसं जमणार? आपल्याकडे सर्वनाम गाळलं तरी क्रियापद चुगली करतं. माझ्या नावाने "नक्की येतो, ताई" असा मसुदा मला एका असिस्टंटने करून दिलाय. गंमत म्हणजे तमिळमध्ये ही अडचण नाही. "वरेन" म्हणजे येतो आणि येतेही. पण तिथे दुसरा खड्डा आहे. 'नी' आणि 'नींग', आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखं. आणि 'तू-तुम्ही'चा हिशोब व्याकरणात मावत नाही. आमच्या घरी आईला तू आणि बाबांना तुम्ही. नणंद वयाने मोठी असून तू, कारण ती कॉलेजात माझ्याच वर्गात होती, पण तिच्या सासूसमोर तिलाच तुम्ही. रागावल्यावर नवऱ्याला तुम्ही. यंत्र माझं पाच वर्षांचं चॅट वाचून सरासरी काढू शकेल. पण नवऱ्याशी मी आज कशी बोलणार हे सरासरीत नसतं, ते सकाळी काय झालं त्यावर असतं.

आमच्या इमारतीत तंजावर मराठी बोलणाऱ्या एक आजी आहेत. घराणं तंजावरच्या भोसल्यांच्या काळात इकडे उतरलेलं. त्यांची मराठी तमिळच्या चालीवर चालते. ती फारशी लिहिली जात नाही, घरात बोलली जाते. नातू परदेशात. त्याने एकदा मराठीत लांबलचक मेसेज पाठवला, शुद्ध, स्वच्छ, पुणेरी. आजी तो घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना वाचून दाखवला, अर्थ सांगितला. त्यांना अर्थ कळला होता. त्यांना विचारायचं होतं की नातवाच्या फोनवरून हे दुसरं कोण बोलतंय. दहा ठिकाणी चुकलेली रोमन लिपीतली ओळ त्यांना चालली असती.

आता कायदा, कारण भाचा म्हणाला होता की चूक असिस्टंटची, माझी कशी? आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. तेव्हा असले असिस्टंट कुणाच्या स्वप्नात नव्हते. पण त्याचं कलम ११ वाचलं तर चपापायला होतं. इलेक्ट्रॉनिक मजकूर कुणाचा धरायचा? तुम्ही स्वतः पाठवला तर तुमचा, तुमच्या अधिकाराने दुसऱ्याने पाठवला तर तुमचा, आणि तुम्ही किंवा तुमच्या वतीने कुणी आपोआप चालेल अशी रचना केलेल्या यंत्रणेने पाठवला तरी तुमचाच. पंचवीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय: मोर्तब कुठेही ठेवा, शिक्का तुमचाच.

आणि "मी वाचलंच नव्हतं" या बचावाचं काय होतं ते याच शहराने पाहिलंय. नाटककार, अभिनेते आणि मैलापूरचे माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी एप्रिल २०१८ मध्ये महिला पत्रकारांबद्दलचा एक अत्यंत गलिच्छ मजकूर फेसबुकवर पुढे ढकलला. गदारोळ झाल्यावर तो काढून टाकला, माफी मागितली. मजकूर दुसऱ्याचा, आपण न वाचता पुढे पाठवला, असं त्यांचं म्हणणं. जुलै २०२३ मध्ये मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी खटले रद्द करायला नकार दिला. त्यांच्या निकालातली उपमा आपल्या कानाला परकी वाटणार नाही: पाठवलेला मेसेज हा सुटलेला बाण आहे, हातात आहे तोवर तुमचा ताबा, सुटल्यावर त्याने केलेल्या जखमेची जबाबदारीही तुमची. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. डोळ्यांत औषध घातलं होतं म्हणून वाचता आलं नाही, असं तिथे सांगण्यात आलं. न्यायमूर्ती गवई आणि न्यायमूर्ती मिश्रा यांच्या पीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलासा नाकारला. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या विशेष न्यायालयाने एक महिना कैद आणि १५,००० रुपये दंड सुनावला. त्या मजकुरावर मला इथे काही म्हणायचं नाही. तो म्हणण्याच्या लायकीचा नव्हता. माझ्या मनात तो डोळ्यांतल्या औषधाचा बचाव अडकून राहिलाय. शेखर यांच्यासमोर निदान तो मजकूर आला होता, आणि आपल्याच बोटाने पुढे ढकलल्याचं ते मान्य करत होते. असिस्टंटला मोर्तब दिलेला माणूस कायमचंच डोळ्यांत औषध घालून बसलेला असतो.

कायद्याला दिसत नाही ती समोरच्याची बाजू. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. ठीकच आहे, वहीत मावशीचा पत्ता लिहिला म्हणून कुणाला कोर्टात खेचू नये. पण भाच्याने असिस्टंटला चॅट वाचायला दिलं तेव्हा त्यात निम्मे शब्द ताईचे होते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन, तिने जावेबद्दल काढलेले उद्गार, बँकेतल्या ठेवीची मुदत. हे तिने मुलाला सांगितलं होतं. तिला कुणी विचारलं नाही. भाच्याच्या दृष्टीने तो त्याचा फोन, त्याचं चॅट, त्याचा निर्णय. पण दोघांत झालेलं बोलणं एकट्याच्या मालकीचं कसं?

शिवाय अशा असिस्टंटला कुणीही फशी पाडू शकतो. सायमन विलिसन नावाचे प्रोग्रामर याला जीवघेणं त्रिकूट म्हणतात: खाजगी माहिती हाताशी, अनोळखी मजकूर वाचायची मुभा आणि बाहेर पाठवायची सोय. तिन्ही एकत्र आली की कुणीतरी मेसेजमध्येच हुकूम दडवून पाठवायचा, आणि यंत्राला माहिती कुठली आणि हुकूम कुठला हे भरवशाने ओळखता येत नाही. चॅट हाताळणाऱ्या असिस्टंटकडे ही तिन्ही जन्मतःच असतात. ताईला आजवर दोनदा "आई, फोन हरवला, हा नवा नंबर, वीस हजार पाठव" असा मेसेज आलाय. दोन्ही वेळा ती वाचली, कारण भाचा तिला असं लिहीत नाही हे तिला ठाऊक होतं. यापुढे कशावरून ओळखणार? ताई तीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होती. तिने ते अकरा दिवसांचं चॅट परत काढून वाचलं आणि भाच्यावर चिडायच्या आधी स्वतःवर चिडली: "अकरा दिवस पोरगा एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकला नाही आणि मला संशय आला नाही!" आता ती "जेवलास का?" विचारते आणि वर ताटाचा फोटो मागते. परवा मला म्हणाली, "हे तूच लिहितेस ना?" मी काहीच केलं नव्हतं.

तिच्या त्या प्रश्नाने मला २०१५ आठवलं. १ डिसेंबरला तांबरमला चोवीस तासांत जवळपास ४९ सेंटिमीटर पाऊस झाला, चेम्बरंबाक्कम तलावातून पाणी सोडलं आणि रात्रीत अडयार नदी पात्र सोडून वर आली. आम्ही तेव्हा कोट्टूरपुरमला होतो. तळमजला बुडाला, वीज गेली, मग टॉवर गेले. विमानतळच बंद झाला. सांगलीला ताई टीव्हीवर आमच्याच भागातून होड्या जाताना बघत होती. व्हॉट्सॲपवर तिचे मेसेज जात होते आणि एकाच करड्या खुणेवर थांबत होते. एक खूण म्हणजे पोचलं नाही. तिसऱ्या दिवशी गच्चीच्या कोपऱ्यात शेजाऱ्याच्या फोनला एक काडी रेंज आली. रांग लावून प्रत्येकाने एकेक मेसेज पाठवला. मी लिहिलं, "ठिक आहोत. दुध नाही." ठीकचा पहिला आणि दूधचा पहिला, दोन्ही ऱ्हस्व. अनोळखी नंबरवरून आलेला तो मेसेज वाचून ताईला एका क्षणात पटलं की तो माझाच आहे. आठवीपासून ती माझे ते दोन शब्द सुधारत होती.

त्या दोन दिवसांत माझ्या वतीने दूरच्या कोरड्या सर्व्हरवरून कुणी "हो ताई, ठीक आहोत, काळजी करू नकोस" असं अगदी शुद्ध लिहीत राहिलं असतं तर? ती एक करडी खूण तिच्यासाठी भयंकर होती. पण ती खरी होती. तिच्या जिवावर ताईने सांगलीहून ओळखीपाळखीचे फोन फिरवले, इथे कुणाला तरी होडीवाल्याकडे पाठवलं. उत्तर न येणं हीसुद्धा बातमी असते. आपोआप जाणारं उत्तर सगळ्यात आधी ती बातमी मारतं.

भाच्याचा शेवटचा मुद्दा मी मान्य करून टाकते. ज्यांना लिहिणं खरोखर जड जातं, हात चालत नाहीत, अक्षरं नाचतात, परकी भाषा आहे, त्यांना मसुदा करून देणारा असिस्टंट म्हणजे जीपीओसमोरचा तो पत्रलेखकच, आणि त्याला माझा नमस्कार. मीही त्या रांगेत आहे. सव्वीस वर्षांत माझं बोली तमिळ बाजारापुरतं झालं, लिहायला मात्र येत नाही. म्हणून घरी कामाला येणाऱ्या अक्कांना मी मराठीत सांगून असिस्टंटकडून तमिळमध्ये मेसेज करून घेते. स्वतः वाचून, म्हणजे अक्षरं जुळवत जुळवत वाचून, मगच बटण दाबते. गेल्या पोंगलला गावी गेल्या असताना त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाचं कळलं, तेव्हा मी असाच चांगला चार ओळींचा मेसेज करून घेतला आणि तळाशी तमिळमध्ये लिहवून घेतलं की हे यंत्राने लिहिलंय, सांगितलं मी.

दोन दिवस उत्तर नाही. मग त्यांचा आवाजी मेसेज आला. मागे बाळ रडत होतं. मेसेज मुलीने वाचून दाखवला म्हणाल्या, छान होता. आणि मग, जरा थांबून, "अक्का, पेसि अनुप्पुंग." बोलून पाठवा. मी माईकचं बटण दाबून धरलं आणि माझ्या मोडक्या तमिळमध्ये विचारलं, बाळ-बाळंतीण कशा आहेत. 'नींग'च्या जागी एकदा 'नी' गेलं. त्यांच्या पुढच्या मेसेजात मागे हसण्याचा आवाज होता.